मदत हवी आहे: लाटांच्या चाचणीत ड्रॅग गुणांक उणे येतो आहे, मोजमापे वाचवता येतील का?

नमस्कार. मी पूर्व किनाऱ्यावरील एका संस्थेत सागरी अभियांत्रिकीत पीएचडी करत असून हे माझे तिसरे वर्ष आहे. समुद्रातील तेलमंचांच्या पायांवर कालवे, शिंपले आणि शेवाळ यांचा थर चढल्यावर लाटांचे बल किती वाढते, हा माझा विषय आहे. या क्षेत्रात प्रयोगशाळेत काम केलेले कोणी इथे असतील, तर त्यांच्या सल्ल्याची मला खरोखर गरज आहे.

मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. साधारण पाऊणशे मीटर खोल पाण्यात उभ्या असलेल्या तिथल्या जॅकेट मंचांपैकी (पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर उभे असलेले मंच) अनेकांचे संकल्पित आयुष्य उलटून गेले आहे, त्यामुळे ते पुढे किती काळ वापरता येतील याचा हिशेब नव्याने करावा लागतो. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या आरपी २ए संहितेप्रमाणे गुळगुळीत नळीसाठी ड्रॅग गुणांक (पाण्याच्या ओढीचे बल किती, हे ठरवणारा आकडा) ०.६५ आणि खडबडीत नळीसाठी १.०५ धरतात. १ मीटर व्यासाच्या पायावर सगळीकडून ५ सेंटीमीटरचा थर बसला, तर वाढलेला व्यास आणि वाढलेला गुणांक मिळून ड्रॅगचे बल जवळपास १.८ पट होते. धक्क्याच्या खांबांवर ओहोटीला उघडा पडणारा कालवांचा थर मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण त्याचे ओझे इतके असेल असे या विषयात येईपर्यंत मला वाटले नव्हते.

आता अडचण सांगते. १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर चाळलेली वाळू इपॉक्सीने चिकटवून मी ती लाटांच्या हौदात १ मीटर पाण्यात लोड सेलला (बल मोजणाऱ्या उपकरणाला) टांगली, आणि १.८ सेकंद आवर्तकाळाच्या, ६ ते १६ सेंटीमीटर उंचीच्या नियमित लाटा सोडल्या. मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी १९५० साली मांडलेल्या समीकरणात बलाचे दोन भाग असतात: वेगाच्या वर्गाशी बांधलेला ड्रॅगचा आणि त्वरणाशी बांधलेला जडत्वाचा. हे दोन्ही भाग पाव आवर्तनाने पुढेमागे असल्यामुळेच ते एकाच नोंदीतून वेगळे काढता येतात. माझ्या आकडेमोडीत जडत्वाचा गुणांक व्यवस्थित येतो, परंतु ड्रॅगचा गुणांक मोठ्या लाटांना ०.३ च्या आसपास आणि लहान लाटांना चक्क उणे येतो, जे भौतिकदृष्ट्या अशक्य आहे.

तीन आठवडे प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेले. शेवटी मागच्या मंगळवारी टेप घेऊन हौदावर चढले, तेव्हा लाटेची उंची मोजणारा वेव्ह प्रोब नळीच्या मध्यरेषेत नसून १२ सेंटीमीटर पुढे, लाटा शोषणाऱ्या उताराच्या बाजूला बसवलेला आढळला. पाण्याचा वेग आणि त्वरण याच प्रोबच्या नोंदीवरून काढलेले असल्याने ते नळीवरील बलाच्या मागे पडतात. या लाटेची लांबी सुमारे ४.४८ मीटर आहे, म्हणजे पूर्ण लाट ३६० अंशांची धरली तर फरक साडेनऊ अंशांचा झाला. त्यामुळे जडत्वाच्या बलाचा सुमारे सहावा हिस्सा उणे चिन्हाने ड्रॅगच्या खात्यात जातो. माझ्या चाचण्यांत क्यूलेगन-कार्पेंटर अंक (नळीच्या व्यासाच्या तुलनेत पाण्याची ये-जा किती मोठी, हे सांगणारा; तो लहान असला की जडत्व वरचढ ठरते) फक्त २ ते ६ आहे, तेव्हा खरा ड्रॅगच मुळात इतका लहान आहे की ही गळती त्याला गिळून टाकते.

हौदाची माझी पुढची पाळी चार महिन्यांनी आहे आणि प्रगती सादरीकरण दोन महिन्यांवर आले आहे. जुन्याच नोंदींमध्ये १२ सेंटीमीटरची दुरुस्ती गणिताने करून ते निकाल मांडणे प्रामाणिक ठरेल का, की ड्रॅगचे आकडे सोडूनच द्यावेत? सरांना विचारण्यापूर्वी माझी स्वतःची बाजू पक्की असावी, असे वाटते.

प्रतिसाद

दुरुस्ती अवश्य करा आणि ती केल्याचे प्रबंधात स्पष्ट लिहा, त्यात अप्रामाणिक काहीच नाही. नियमित लाटांसाठी ती सोपी आहे, कारण एकाच लांबीची लाट सरकवायची आहे. मात्र टेपच्या मापात १ सेंटीमीटरचीही चूक राहिली तर तो फरक सुमारे ०.८ अंशांनी हलतो, आणि तुमच्या सर्वांत लहान लाटांना तेवढ्याने ड्रॅग गुणांक साधारण १५ टक्के बदलतो. म्हणून तिथे केवळ जडत्वाचा गुणांक द्यावा, आणि ड्रॅगचा मोठ्या लाटांपुरताच, चुकीची मर्यादा दाखवून. पुढच्या पाळीत ५ सेंटीमीटरची नळी घेतलीत तर त्याच लाटांत क्यूलेगन-कार्पेंटर अंक ११ पर्यंत जाईल आणि ड्रॅगचा वाटा वाढेल.

आणखी एक पाहा. लोड सेल आणि वेव्ह प्रोब या दोन्ही वाहिन्यांवर एकच फिल्टर (नोंदीतला गोंगाट गाळणारा, पण नोंद थोडी उशिरा देणारा) आहे का? ०.०२ सेकंदाचा उशीरही तुमच्याकडे ४ अंशांचा होतो, आणि तो टेपने सापडत नाही.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. आज सेटिंग उघडून पाहिले: लोड सेलच्या वाहिनीवर १० हर्ट्झचा फिल्टर आहे, वेव्ह प्रोबवर नाही. सुदैवाने प्रोबच्या कच्च्या नोंदी जपून ठेवल्या आहेत, त्यामुळे त्यांनाही तोच फिल्टर लावून दोन्हींचा उशीर सारखा करते आणि मगच १२ सेंटीमीटरची दुरुस्ती करते. मोठ्या लाटांचे नवे आकडे शनिवारी इथेच देईन.