लेवीयापाशी वाचन अडतं, काय करावं?

प्रश्न (सदर, नागपूर): बायबल वर्षभरात संपवायचं तर रोज किती अध्याय? लेवीय या तिसऱ्या पुस्तकात हमखास गाडी थांबते.

उत्तर: एकूण 1189 अध्याय. रोज 3, रविवारी 5 वाचले की बसतं. लेवीयात होमबलींचे, शुद्धाशुद्धतेचे नियम. सलग कंटाळा येणारच. जोडीला मार्कचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) घ्या, 16च अध्याय आहेत.

उत्तर: शर्यत नव्हे हो ही! बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं रोज 5, म्हणजे सगळी 150 एका महिन्यात. 119वं मात्र 176 वचनांचं; ते आठ-आठनं तोडा, मूळ हिब्रू रचनाच तशी आहे.

उत्तर: प्रार्थनेला चार-पाच वचनं पुरेत. आधी मोठ्यानं, मग सावकाश. जो शब्द धरून ठेवेल त्यावरच देवाशी बोला, मग गप्प बसा. मे महिन्यात पहाटेच उरका. कूलरच्या घरघरीत स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.