पौंड, औंस, तोळा, खंडी: किलोत आणताना कुठे चुकतं?

गिरगावची_माई:
माळा आवरताना लोखंडी वजनं खाली आली, पौंडाची. ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं किलो आला, त्याआधीची असणार. म्हणून हा धागा. सुरुवात मी करते. १ पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलो. तोंडी करायचं तर निम्मे करा आणि त्यातून दहावा भाग काढा. ५० पौंडांचे २५, वजा २.५, म्हणजे २२.५ किलो. खरं उत्तर २२.६८. उलट जाताना दुप्पट करून दहावा भाग मिळवा. भाजीला हे चालतं, सोन्याला नाही. आणि २ पौंड ५ औंस म्हणजे अडीच पौंड नव्हे! पौंडात औंस १६. पहिलं १०४९ ग्रॅम, दुसरं ११३४. तुमच्या कामातलं लिहा, आकड्यांसकट.

ओव्हनवाली_पार्ले:
काट्यावर २:८ दिसलं तर तेही २ पौंड ८ औंसच.
अमेरिकन पाककृतीत 'एक स्टिक बटर' असतं ते ४ औंस, ११३ ग्रॅम. आपलं १०० ग्रॅमचं पाकीट आणि वर एक मोठा चमचा. मैद्याचा कप १२० ग्रॅम, पण कप पिठात खुपसून भरला तर १४० च्या पुढे जातो आणि केक कोरडा होतो. औंसाआधी 'फ्लुइड' लिहिलं असेल तर ते वजन नाही, माप आहे. पाण्या-दुधाला दोन्ही जवळपास जुळतात म्हणून फसायला होतं. मधाचे ८ फ्लुइड औंस ३४० ग्रॅमच्या आसपास भरतात, २२७ नाही.
'एक पौंडाचा केक' सांगताना ४५४ ग्रॅम की अर्धा किलो ते आधीच विचारून घ्या.

गिरणगाव_काउंट:
सूत आणि कापूस दोन्ही सांगतो, जरा लांबेल.
इंग्रजी काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते. आकडा वाढला की सूत बारीक. टेक्स याच्या उलट, १००० मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये, आकडा वाढला की जाड. ५९०.५ ला काउंटनं भागा, टेक्स आला. ४० चं सूत १४.७६ टेक्स. डेनियर (९००० मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये) हवा तर ५३१५ ला काउंटनं भागा. चूक होते दुहेरी सुताला. २/४० म्हणजे ४० च्या दोन तारा पिळलेल्या, म्हणजे हिशोबाला २० काउंट, २९.५ टेक्स. तिथे ४० घातलात तर सुताची मागणी थेट निम्मी निघते आणि माग मध्येच थांबतो.
कापसाची खंडी ७८४ पौंड, ३५५.६२ किलो, व्यवहारात ३५६. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, असे २८ मण. न्यूयॉर्कचा भाव सेंटमध्ये, पौंडाला. समजा ७० सेंट, तर गुणिले ७८४, ५४८.८० डॉलर खंडी. डॉलर ८५ रुपये धरला तर ४६,६४८ रुपये. गाठींचं तर फारच जपा. आपली गाठ १७० किलो, अमेरिकेची ४८० पौंड म्हणजे २१७.७ किलो. नुसत्या गाठींच्या संख्येवरून तुलना करू नका.

दादर_ते_देवगड:
काका, जुन्या कागदांत 'भात ३ खंडी' असतं, ती हीच का?

गिरणगाव_काउंट:
नाही रे बाबा, ती मापी. पायली-मण-खंडी, वजन नव्हे, आकारमान. पायली गावागणिक बदलायची, त्यामुळे आधी त्या गावची पायली केवढी ते शोध. वजनी मणही दोन आहेत. मुंबईचा १२.७ किलो, बंगाली ३७.३२. कागदावर कुठला धरलाय ते न बघता गुणाकार केलास तर तिप्पट फरक.

झवेरी_काटा:
सोन्याचा औंस वेगळा. ट्रॉय, ३१.१०३५ ग्रॅम. २८.३५ नं भागलं की दहा ग्रॅमचा भाव जवळपास १० टक्के फुगलेला दिसतो. बरोबर रीत: डॉलरचा भाव भागिले ३१.१०३५, गुणिले १०, गुणिले डॉलरचा दर, आणि मग आयात शुल्क, जीएसटी.
तोळा आज बाजारात १० ग्रॅम, जुना ११.६६४ (१२ मासे, ९६ गुंजा). आजीच्या यादीतले ५ तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम. वाटणीत ५० धरू नका, ८ ग्रॅमवर भांडणं होतात. दहा तोळ्यांचं बिस्कीटही जुन्याच तोळ्याचं, ११६.६४ ग्रॅम.

प्रसूती_वॉर्ड_परळ:
७ पौंड ४ औंस = ३.२९ किलो. लहान मुलांचा डोस किलोवर काढतात. पौंडाचा आकडा किलोच्या रकान्यात गेला तर डोस २.२ पट! काट्याचं एकक किलोवर ठेवून बटणावर चिकटपट्टी लावा.

ओव्हनवाली_पार्ले:
बाप रे. चिकटपट्टी आजच लावते, स्वयंपाकघरातल्या काट्यालाही.

न्हावाशेवा_गेट:
कंटेनरच्या दारावर मालासकट कमाल वजन ३०,४८० किलो असा आडवातिडवा आकडा का? ते ६७,२०० पौंड, म्हणजे २२४० पौंडांचे ३० लाँग टन. टन तीन आहेत: मेट्रिक १०००, लाँग १०१६, अमेरिकन शॉर्ट ९०७ किलो. कोटेशनमध्ये नुसतं 'टन' आलं की उलट मेल टाकून विचारा. जुलै २०१६ पासून पडताळलेलं एकूण वजन दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही. त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवायचं बरेचदा राहून जातं.

दादर_ते_देवगड:
अमेरिकेला बॅग नेताना २३ किलो की ५० पौंड?

न्हावाशेवा_गेट:
२३ किलो म्हणजे ५०.७ पौंड. परतीच्या काउंटरवर काटा पौंडात असतो, म्हणून २२.५ ला थांब. लोणच्याची बरणी धरून.

झवेरी_काटा:
माई, ती वजनं दुकानात वापरायला देऊ नका हं, २००९ च्या वैधमापन कायद्यानं चालत नाही. ठेवायची असतील तर पॉलिश पेपरनं घासू नका, धातू जातो. सुक्या ब्रशनं गंज झाडा आणि तेलाचं बोट फिरवा.

गिरगावची_माई:
खोबरेल चालेल?

झवेरी_काटा:
नको, थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं घ्या.