विंडोज असलेल्या संगणकावर उबुंटूही बसवायचे आहे: आधी कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न

घरच्या संगणकावर विंडोज ११ असून ५१२ जीबीच्या एसएसडीवर जवळपास निम्मी जागा मोकळी आहे. विंडोज न काढता त्याच डिस्कवर उबुंटू (लिनक्सवर आधारित प्रणाली) बसवायचे आहे. डिस्कवर घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रे असल्यामुळे धोका पत्करायचा नाही. पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) विंडोजमधून करावे की उबुंटूच्या इन्स्टॉलरमधून? दोन्हीकडून उघडता येईल असे सामायिक पार्टिशन ठेवता येईल का?

उत्तर १

पार्टिशनला हात लावण्याआधी सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहा. त्यानंतर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासा. विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असते, आणि बूटच्या (संगणक सुरू होण्याच्या) रचनेत बदल झाला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती हाताशी नसेल तर फोटो डिस्कवर असूनही उघडता येणार नाहीत, म्हणून ती कागदावर लिहून ठेवावी.

फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर सुरू करणारी सोयही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले, तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पार्टिशन अर्धवट वापरात असल्यासारखे राहते. अशा पार्टिशनवर लिनक्समधून काही लिहिल्यास फाइली बिघडू शकतात. दोन प्रणाली एकत्र नांदवताना येणाऱ्या बऱ्याच अडचणींचे मूळ, माझ्या मते, या एका सोयीत आहे.

सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा आणि सुटलेली जागा तशीच रिकामी सोडा. मोकळी जागा भरपूर असूनही ‘श्रिंक’ थोडीच जागा देऊ करत असेल, तर पेजफाइलसारख्या (मेमरीला पूरक म्हणून विंडोज वापरते ती फाइल) न हलणाऱ्या फाइली मध्ये आलेल्या असतात.

उत्तर २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. हाताने पार्टिशन निवडणार असाल, तर विंडोजने बनवलेले ईएफआय पार्टिशन उबुंटूलाही वापरू द्या, मात्र ते फॉरमॅट करू नका. विंडोजचा बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) तिथेच असतो. सामायिक पार्टिशनसाठी एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) घ्यावे. एक्सफॅटही दोन्हीकडे चालते, पण त्यात जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नसल्याने मध्येच वीज गेल्यास नुकसानीची शक्यता जास्त राहते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व केले आणि उबुंटू व्यवस्थित बसले. परंतु संगणक सुरू केल्यावर निवडीची यादी न येता थेट विंडोज उघडते. शिवाय उबुंटू वापरून परत आल्यावर विंडोजमधले घड्याळ चुकीची वेळ दाखवते.

उत्तर २

यूईएफआयच्या (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या क्रमात ‘उबुंटू’ सर्वांत वर आणा. पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नाही. यादी आली पण तीत विंडोज नसेल, तर ग्रबच्या (ही यादी दाखवणाऱ्या उबुंटूच्या बूटलोडरच्या) २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारे ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद असते, ते सुरू करून ग्रब अपडेट करावे.

घड्याळाचे कारण वेगळे आहे. मदरबोर्डवरील घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानते, तर लिनक्स ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानते. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवणाऱ्या नोंदवहीत) ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ या नोंदीची किंमत १ केली, की दोन्हीकडे एकच वेळ दिसू लागेल.