गोव्यातल्या बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: मुलांना काय दाखवाल?

‘उन्हात उभी जुनी विमानं, मुलं अर्ध्या तासात कंटाळतात’ अशी या संग्रहालयाबद्दल तक्रार असते. यातलं ऊन खरं आहे. दुपारी पत्रा हात भाजण्याइतका तापतो, म्हणून सकाळीच जा (सोमवारी बंद असतं). पण कंटाळा येतो तो नुसते फलक वाचत फिरल्यामुळे. त्याऐवजी मुलांना सी हॉक या लढाऊ जेट विमानाच्या शेपटीखालचा आकडा (हूक) शोधायला सांगा. जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरताना याच आकड्याने आडवी तार पकडून विमान थांबायचं. मग पंखाचं दुमडायचं बिजागर, आणि धूर कुठून निघतो तेही. शेपटीत भोक सापडत नाही, कारण झोत दोन भागांत फुटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो.

तिथून सरळ सी हॅरियरकडे. त्याला आकडाच नाही! चार फिरत्या नळ्यांनी झोत खाली वळवून ते उभंच उतरायचं, तारेची गरज नव्हती. नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनने (विमानांच्या तुकडीने) आधी सी हॉक, १९८३पासून सी हॅरियर वापरलं, त्यामुळे जोडी लावून बघण्यात मजा आहे. सुपर कॉन्स्टेलेशन या मोठ्या टेहळणी विमानाला तीन शेपट्या का, हे मात्र मुलं विचारणारच: एकच उंच शेपटी हँगरच्या दारात मावली नसती.