रेडिओवरचं चांगलं निवेदन ओळखायचं कसं?

रावेरचा श्रोता: कॉलेजातल्या निवेदन स्पर्धेला मला परीक्षक केलंय. आवाज भारदस्त की गुण द्यायचे, एवढंच कळतं. अजून काय ऐकू?

भुसावळची मावशी: आवाजाला भुलू नका भाऊ. मी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होते. पोरगं वाचतंय की सांगतंय, ते बघा. केळीचे भाव देताना सगळे आकडे एका दमात फेकले, तर ऐकणाऱ्याच्या हाती काय लागलं? रेडिओत मागचं पान उलटता येत नाही. आधी गाव, मग भाव, क्षणभर थांबून भाव पुन्हा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना माइकवर हवा आपटते. जाणता माणूस तोंड जरा तिरकं धरतो. आणि सभेत बोलल्यासारखं ओरडणारे तर नकोच! ऐकणारा बहुतेक एकटा असतो, गोठ्यात नाहीतर ट्रॅक्टरवर.

धुळेकर: मावशी बराबर सांगी राह्यनी. पन अहिराणी वळणना पोरेसना गुण कापू नका बरं.

भुसावळची मावशी: वळण राहू द्या की. वाक्याचा शेवट गिळला तर मात्र कापा. क्रियापद तिथंच असतं आपलं.

रावेरचा श्रोता: डोळे मिटून ऐकू का मग?

भुसावळची मावशी: पोरांकडे पाठ करून बसा. चेहरे बघितले की गुण वाढतात.