चार्ली वॉट्स ‘नुसता ठेका धरतो’ म्हणजे नेमके काय करतो?

मध्यलय

गेल्या आठवड्यात चार मित्र जमलो असताना आवडत्या ड्रमरचा विषय निघाला आणि बडी रिच, नील पीअर्ट, जॉन बॉनम, टोनी विल्यम्स अशी नावे भराभर पुढे आली. मी रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचे नाव घेतले, तेव्हा एकाने हसून म्हटले, “तो काय करतो? नुसता ठेका धरतो.” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

रॉक संगीतातला सर्वसाधारण ठेका घ्या. चार मात्रांच्या आवर्तनात उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, आठ आघात करतो आणि डावा हात दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, पडतो, म्हणजे त्या दोन ठिकाणी दोन्ही हात एकदम वाजतात. वॉट्सचे चित्रीकरण आवाज बंद करून पाहिले, तर लक्षात येते की नेमक्या त्या दोन मात्रांना त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून वर उचललेला असतो. आठांऐवजी सहाच आघात होतात आणि स्नेअर एकटी, उघडी ऐकू येते. ही लकब एकट्या त्याचीच होती असा माझा दावा नाही. पण ती इतक्या सातत्याने वापरून एका बँडची चालच तिच्यावर उभी करणारा दुसरा वादक मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट अशी की बहुतेक बँड ड्रमरच्या मागे जातात, तर स्टोन्समध्ये ड्रमर कीथ रिचर्ड्सच्या गिटारच्या मागे जातो, असे त्यांचे माजी बेसवादक बिल वायमन यांनीच सांगितलेले आहे. गिटार किंचित पुढे, ड्रम किंचित मागे आणि बेस त्या दोघांमध्ये कुठेतरी, असा तो झुलता मामला आहे. हे जानेवारी 1963 पासून ऑगस्ट 2021 मध्ये निधन होईपर्यंत, अठ्ठावन्न वर्षे, मोजक्या चार ड्रमच्या छोट्या संचावर सांभाळणे म्हणजे ‘नुसते’ काही करणे नव्हे.

बीटल्सच्या रिंगो स्टारचेही तेच. तो मूळचा डावखुरा, पण उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेल्या संचावर बसणारा. त्यामुळे ओळ संपताना भरायची जागा आली की त्याचा हात इतरांपेक्षा वेगळ्या वाटेने टॉम या बाजूच्या ड्रमवरून फिरतो आणि ती जागा थोडी अडखळल्यासारखी, तरी अगदी बरोबर पडते. बीटल्सच्या सगळ्या गाण्यांत त्याचा एकल ड्रमवादनाचा तुकडा एकच आहे, 1969 च्या ‘ॲबी रोड’ अल्बममधला, आणि तोही त्याने नाखुशीनेच वाजवला.

माझे म्हणणे असे की ड्रमरचे मोठेपण गाण्याला त्याच्यामुळे काय मिळाले यावर ठरावे. हातांना किती येते, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

द्रुत

मध्यलय यांनी उजव्या हाताचे निरीक्षण फार नेमके टिपले आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण जो भरपूर वाजवतो तो गाण्याच्या आड येतो असे त्यात गृहीत धरलेले दिसते.

टोनी विल्यम्सचे उदाहरण पाहू. 1963 मध्ये तो जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्या बँडने 1967 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘नेफरटिटी’ ही रचना ऐका. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकच धून पुन:पुन्हा वाजवतात आणि त्यांच्यापैकी कोणीही एकल वादन करत नाही. बदलत जातात ते खाली वाजणारे ड्रम. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनाला सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लेहरा धरतात, तोच हा प्रकार. इथे विल्यम्स गप्प बसून ‘गाण्याची सेवा’ करू लागला असता, तर ऐकायला उरले काय असते?

बॉनमकडे पाहा. त्याच्या लेड झेपेलिन या बँडच्या 1969 च्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्यात, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये, पायाने वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमचे आघात इतके जलद आणि इतके जवळजवळ पडतात की दोन बेस ड्रम असावेत असे अनेकांना वाटले. तो एकच पाय आणि एकच पेडल होते. ही करामत गाण्याला वरून चिकटवलेली नाही. ती काढली तर गाणे उरत नाही. बडी रिचला स्वरलेखन वाचता येत नसे. दुसऱ्या ड्रमरकडून नवी रचना वाजवून घेऊन तो ती एकदा ऐके आणि मग स्वतः संचावर बसे. अशा कानाला आणि हाताला आपण ‘दिखाऊ’ म्हणतो, हा आपल्या ऐकण्याचा दोष आहे.

संयमाचे कौतुक मलाही आहे, पण ज्याच्यापाशी सोडून देण्यासारखे काही असते त्यालाच संयम हा शब्द शोभतो. आणि स्टोन्सचे ‘हॉंकी टॉंक विमेन’ हे गाणे सुरुवातीला आणि शेवटी मोजून पाहा. गाणे सुरू होते त्यापेक्षा स्पष्टपणे जलद लयीत संपते. ज्याला ठेका धरणारा म्हणून आपण गौरवता, त्याच्या हातून लय निसटली हे त्यात बसते का?

डावा हात

मी गेली बरीच वर्षे पुण्यात हौशी बँडांबरोबर ड्रम वाजवतो. आपण दोघेही ‘वाजवलेले’ आणि ‘न वाजवलेले’ यांबद्दल बोलत आहात; मधली एक जात राहून गेली आहे, ती म्हणजे वाजवलेले पण ऐकू न येणारे.

बर्नार्ड पर्डी या ड्रमरचा शफल, म्हणजे झुलता ठेका, घ्या. 1977 च्या ‘होम ॲट लास्ट’ या स्टीली डॅन बँडच्या गाण्यात तो आहे. बॉनमने 1979 मध्ये ‘फूल इन द रेन’मध्ये त्याचे स्वतःचे रूप काढले आणि टोटो बँडच्या जेफ पोर्कारोने 1982 मध्ये ‘रोझॅना’साठी या दोघांकडून उचलून तिसरेच काही घडवले. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा. उजवा हात हाय-हॅटवर पहिला आणि तिसरा भाग वाजवतो. मधला भाग डाव्या हाताने स्नेअरवर भरायचा, पण काडी कातड्यापासून बोटभरही वर जाता कामा नये. तोच डावा हात तिसऱ्या मात्रेला खांद्यापर्यंत उचलून सणसणीत फटका देतो आणि लगेच पुन्हा कुजबुजू लागतो. अवघड जागा तीच: मोठ्या आघातानंतरचा पहिला बारीक आघात. हात अजून जोशात असतो आणि कुजबुज ओरडते.

मला हे जमायला दीड वर्ष लागले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रात्री उशीवर सराव करत असे. उशी काडी परत उडवत नाही, त्यामुळे सगळे काम मनगटाला करावे लागते. पुढे एका कार्यक्रमाच्या तालमीत आमच्या गिटारवाल्याने विचारले, “डाव्या हाताने काय चाळा करतोस? ऐकू तर काही येत नाही.” मी काही न बोलता ते बारीक आघात बंद केले. आठ-दहा आवर्तने झाल्यावर तोच थांबला आणि म्हणाला, “आज काहीतरी बसत नाहीये.” तबलजी ज्याला भरलेला ठेका म्हणतात, तो हाच.

तेव्हा मध्यलय, ‘नुसता ठेका’ हा शब्दप्रयोग खोटा आहे हे मान्य. पण त्या नुसत्या ठेक्यात द्रुत यांना हवी ती तयारी कधीकधी ठासून भरलेली असते.

जिना

बॉनमचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे वाकडे बोलतो. लेड झेपेलिनच्या 1971 च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधल्या ड्रमच्या आवाजावर लोक जीव टाकतात. तो आवाज हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनाचा आहे. संच जिन्याच्या पायथ्याशी मांडला होता आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते. नंतर त्यावर प्रतिध्वनियंत्राचा संस्कार झाला. यात ‘वादन विशेष’ कितीसे आणि जिना विशेष कितीसा?

द्रुत

जिना यांना एवढेच विचारतो की त्याच जिन्याखाली दुसऱ्या कोणाला बसवले असते, तर तसा आवाज निघाला असता का? बॉनमचा बेस ड्रम सव्वीस इंची होता आणि बाकीचे वादक आत उशा-कांबळी कोंबून आवाज मारत असताना तो आपले ड्रम घुमू देत असे. शिवाय खोली मोठी असली की वाजवणाऱ्याला घुमाऱ्यासाठी जागा सोडावी लागते. तो ठेका किती सावकाश आणि किती मोकळा आहे ते पाहा.

(हे लिहिताना जाणवले की मी मध्यलय यांच्याच बाजूने बोलू लागलो आहे. असो.)

आडा चौताल

द्रुत यांची लेहऱ्याची उपमा आकर्षक आहे, पण ती पुरती लागू पडत नाही. लेहरा हा तबलजीला लय आणि सम धरून देणारा खांब असतो. तबलजी कितीही दूर गेला तरी तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन तिथेच परततो. ‘नेफरटिटी’मध्ये तो खांबच हलतो. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन काही ठिकाणी एकमेकांपासून किंचित सुटतात, आणि विल्यम्स समेवर येऊन दाद घेण्याचे टाळतो. आपल्या कानाला समेची ओढ असल्यामुळे ही रचना पहिल्यांदा अधुरी वाटते. मला तरी वाटली होती.

या दोन परंपरांची गाठ प्रत्यक्षात पडलेली आहे, हेही नोंदवतो. बडी रिच आणि तबलावादक उस्ताद अल्लारखा यांचा एकत्र अल्बम 1968 मध्ये निघाला. तो ऐकताना दोघांविषयीचा आदर वाढतो, पण ते एकमेकांशी पुरेसे बोलले असे मला वाटत नाही. तो संवाद पुढे एकाच माणसाच्या हातात झाला: मुंबईत 1951 मध्ये जन्मलेले, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू. तबल्याची तालीम घेतलेला हा वादक स्टुलावर न बसता जमिनीलगत बसून ड्रम वाजवतो आणि बाजूच्या पाण्याच्या बादलीत घुंगरांसारखी वाद्ये किंवा झांज बुडवून त्यांचा सूर वाकवतो. गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिनबरोबरचे त्यांचे वादन ऐकल्यावर साथ संपून एकल वादन कुठे सुरू झाले, ते मला सांगता येत नाही.

मध्यलय

सर्वांचे आभार. काल रात्री ‘नेफरटिटी’ दोनदा ऐकले आणि एक गोष्ट मागे घेतो: भरपूर वाजवणारा गाण्याच्या आड येतो असे मी थेट लिहिले नव्हते, पण माझ्या मनात ते होते. विल्यम्स आड येत नाही. डावा हात यांनी सांगितलेले बारीक आघात ‘होम ॲट लास्ट’मध्ये हेडफोन लावून शोधले, तेव्हा कुठे सापडले, इतकी वर्षे मी ते गाणे ऐकत होतो आणि ते मला ठाऊक नव्हते.

‘हॉंकी टॉंक विमेन’बद्दल मात्र माघार घेणार नाही. लय वाढते, हे खरे. पण ती निसटत नाही, चढते. आपल्याकडे अभंग रंगला की लय चढते, टाळकरी तिच्याबरोबर चढतात आणि घड्याळ घेऊन कोणी बसत नाही. एकटा पखवाजवाला पुढे पळाला तर तो दोष. सगळी दिंडी एकत्र पुढे गेली तर नव्हे.

द्रुत

भजनात लय चढवण्याची खूण बुवा करतात आणि मृदंग ती उचलतो. स्टोन्समध्ये ती खूण कोणी केली?

मध्यलय

कीथच्या गिटारने. वॉट्सने ती ऐकली आणि तो तिच्यामागे गेला, प्रत्येक दुसऱ्या-चौथ्या मात्रेला उजवा हात उचलत.