पीएचपी: टिक न केलेल्या चेकबॉक्समुळे भाडेकरूंची नोंद भलत्याच सदनिकेवर जाते

प्रश्न (नेरुळ)
नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेसाठी मी पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत सभासद-नोंदींचा फॉर्म केला आहे. प्रत्येक ओळीत सदनिका क्रमांक, फोन क्रमांक आणि ‘भाडेकरू राहतात’ असा चेकबॉक्स आहे. सर्व चेकबॉक्सना एकच नाव असून त्यापुढे रिकामा चौकटी कंस दिला आहे. १०१ आणि १०३ वर टिक केली, तर नोंद मात्र १०१ आणि १०२ वर होते आणि १०३ च्या वेळी ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की २’ (अ‍ॅरेत, म्हणजे मूल्यांच्या यादीत, २ क्रमांकाची जागाच नाही) अशी वॉर्निंग येते. बिनभोगवटा शुल्क (सदनिका भाड्याने दिल्यास सभासदाला लागणारे) याच नोंदीवरून आकारले जात असल्याने ही चूक चालणारी नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (ठाणे)
टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. वेब पानांच्या एचटीएमएल या भाषेचा नियमच तसा आहे. पीएचपी ७.० पासून उपलब्ध असलेली दोन प्रश्नचिन्हे वापरून ‘नसल्यास शून्य’ असे लिहावे, म्हणजे वॉर्निंग थांबेल.

उत्तर २ (ऐरोली)
वॉर्निंग थांबेल, पण १०२ च्या सभासदाला शुल्क लागायचे ते लागेलच. रिकाम्या कंसामुळे आलेल्या मूल्यांना पीएचपी ०, १, २ असे क्रमांक ओळीने देते. १०२ कडून काहीच न आल्याने १०३ ची टिक १ या जागेवर सरकते, आणि तुमचा लूप (एकेक सदनिका ओळीने तपासणारा कोड) ती जागा १०२ ची समजतो. म्हणून कंसात सदनिकेचा डेटाबेसमधील आयडी लिहावा, म्हणजे प्रत्येक टिक आपल्या सदनिकेशीच बांधलेली राहील. लूपही आलेल्या अ‍ॅरेवर न फिरवता, ज्या सदनिका बदलण्याचा त्या वापरकर्त्याला अधिकार आहे, त्यांच्या डेटाबेसमधून काढलेल्या यादीवर फिरवावा.

काही जण प्रत्येक चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचे, ० मूल्याचे हिडन फील्ड (पानावर न दिसता फॉर्मसोबत जाणारे) ठेवायला सांगतात. रिकाम्या कंसासोबत तो उपाय घातक आहे, कारण तुमच्या उदाहरणात तीन सदनिकांसाठी ०, १, ०, ०, १ अशी पाच मूल्ये येतील. कंसात आयडी असेल तर मात्र तो बिनघोर चालतो. एकाच नावाची दोन मूल्ये आली की पीएचपी शेवटचे ठेवते.

प्रश्नकर्ता
आयडी दिल्यावर नोंदी बरोबर होऊ लागल्या, आभारी आहे. परंतु फक्त फोन क्रमांक बदलण्याचे वेगळे पान हीच सेव्ह करणारी फाइल वापरते, आणि तेथून सेव्ह केले की भाडेकरूंच्या टिका पुसल्या जातात.

उत्तर २ (ऐरोली)
नेमके येथेच हिडन फील्ड हवे. चेकबॉक्स असलेल्या पानावर ते ठेवा आणि ‘नसल्यास शून्य’ ही अट काढून टाका. मग ० आले तर टिक काढली आहे, १ आले तर टिक आहे, आणि काहीच आले नाही तर त्या पानाने हा प्रश्न विचारलेलाच नाही. अशा वेळी त्या रकान्याला हात लावू नये.

सदनिका पुष्कळ असतील तर आणखी एक दक्षता घ्यावी. फॉर्ममधून किती मूल्ये स्वीकारायची हे ठरवणाऱ्या पीएचपीच्या मॅक्स इनपुट व्हार्स या सेटिंगची मूळ मर्यादा १००० आहे. फॉर्म त्यापुढे गेला की शेवटच्या ओळी कापल्या जातात, आणि ‘आले नाही म्हणजे नाही’ असे धरणारा कोड त्या सदनिकांतील भाडेकरू मुकाट्याने पुसून टाकतो. मर्यादा वाढवता येते, पण मी विंगनिहाय स्वतंत्र फॉर्म करणेच पसंत करेन.